एन्झाइम थेरपीचा खर्च: आधी व्हायल मोजा, मग पैसे

दुर्मिळ आजाराचं निदान होतं, डॉक्टर सांगतात की यावर एन्झाइम रिप्लेसमेंट थेरपी म्हणजे ईआरटी आहे, आणि पाठोपाठ वर्षाच्या खर्चाचा एक भलामोठा आकडा कानावर येतो. त्यापुढचं बोलणं बहुतेक आईवडिलांच्या डोक्यात शिरतच नाही. कुणी तिथेच हात टेकतं, कुणी त्याच संध्याकाळी मदतीसाठी फोन फिरवायला लागतं. तो आकडा कुठून आला, पुढच्या वर्षी तो तेवढाच राहणार का, त्यात काय धरलंय आणि काय राहून गेलंय, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं.

माझं सांगणं एवढंच आहे की पैशाचा आकडा सगळ्यात शेवटी मांडा. त्याआधी वर्षाला किती व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या सीलबंद बाटल्या, लागतील हे स्वतः काढा. व्हायलची किंमत देशागणिक, करारागणिक बदलते. व्हायलची संख्या मात्र वजन, डोस आणि व्हायलचा आकार या तिन्हींवरून कुणालाही काढता येते, आणि खर्चाचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा असतो.

औषध इतकं महाग का

पेशीतल्या लायसोसोममध्ये नको असलेले पदार्थ तोडले जातात. त्यासाठी लागणारं एखादं एन्झाइम जन्मतःच नसलं किंवा अपुरं असलं, तर तो पदार्थ साठत जातो. आजारानुसार यकृत, प्लीहा, हाडं, हृदय, मूत्रपिंड, स्नायू किंवा मेंदू यांवर त्याचा भार पडतो. ईआरटीत ते एन्झाइम बाहेर तयार करून शिरेतून देतात. शरीर ते वापरून संपवतं, म्हणून ते दर आठवड्याला किंवा दर पंधरवड्याला पुन्हा द्यावं लागतं, आणि तेही बहुतेकांना आयुष्यभर.

गोशे हा अशाच साठ्याचा एक आजार. त्यात कोणतं एन्झाइम कमी पडतं हे अमेरिकेतल्या रॉस्को ब्रेडी यांच्या गटाने १९६० च्या दशकात शोधलं. पहिलं औषध, अल्ग्लुसरेज, १९९१ मध्ये आलं. ते बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेतून काढत आणि एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधासाठी हजारो वारा लागत. १९९४ मध्ये आलेलं इमिग्लुसरेज हॅमस्टरच्या पेशींत, मोठ्या टाक्यांमध्ये तयार होऊ लागलं. वारा गोळा करायची गरज संपली, तरी किंमत जवळपास तिथेच राहिली.

यावरून एक गोष्ट उघड होते. जिवंत पेशींपासून प्रथिन बनवणं, ते शुद्ध करणं, थंड साखळीत पोचवणं हे खर्चिक आहेच. पण अंतिम किंमत त्या खर्चावरून ठरत नाही. संशोधनाचा पैसा मोजक्या रुग्णांकडून वसूल करायचा असतो आणि काही वर्षं कायदाच स्पर्धेला आडकाठी करतो. दुर्मिळ आजारांच्या औषधांना अमेरिकेतल्या १९८३ च्या कायद्याने ७ वर्षांचा, तर युरोपीय संघातल्या २००० पासूनच्या नियमांनी १० वर्षांचा एकाधिकार मिळतो. तो संपल्यावरही रुग्ण इतके थोडे असतात की नवे उत्पादक सहसा पुढे येत नाहीत. गोशेसाठी इमिग्लुसरेज, व्हेलाग्लुसरेज आणि गाजराच्या पेशींत बनणारं टॅलिग्लुसरेज अशी तीन औषधं आहेत, त्यामुळे तिथे सरकारला किंवा मोठ्या रुग्णालयाला भाव पाडून मागता येतो. एकच औषध असलेल्या आजारात ही ताकद फार कमी.

पायरी १: पाच गोष्टी लिहून घ्या

डॉक्टरांकडून पुढच्या पाच गोष्टी कागदावर, अक्षर लागेल अशा लिहून घ्या: आजाराचं पूर्ण नाव आणि त्याचा प्रकार, औषधाचं मूळ नाव, दर किलो वजनामागे डोस आणि किती दिवसांनी द्यायचा, मिळणाऱ्या व्हायलचे आकार, रुग्णाचं आजचं वजन.

पहिल्या बाबीवर अडून बसा. नुसतं ‘गोशे’ किंवा ‘एमपीएस’ (म्युकोपॉलिसॅकरिडोसिस, साठ्याच्या आजारांचा एक गट) लिहिलेलं पुरत नाही. गोशेचा प्रकार १, २ की ३, एमपीएसचा १, २, ४ए, ६ की ७, यावर औषध, डोस आणि अपेक्षित फायदा हे सगळंच बदलतं. एन्झाइमची पातळी दाखवणारी तपासणी आणि जनुकीय अहवाल दोन्ही हाती असू द्या. पैसे देणारी कोणतीही यंत्रणा आधी तेच मागते. मूळ नाव विचारायचं कारण असं की एकच औषध वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या व्यापारी नावांनी विकलं जातं, आणि व्यापारी नावांवरून केलेली तुलना हमखास फसते.

पायरी २: वर्षाच्या व्हायल काढा

वजनाला डोसने गुणा. आलेल्या आकड्याला एका व्हायलमधल्या औषधाने भागा. उत्तर अपूर्णांकात आलं तर वरचा पूर्ण आकडा धरा, कारण अर्धी व्हायल विकत मिळत नाही. मग वर्षातल्या इन्फ्युजनांनी, म्हणजे शिरेतून औषध देण्याच्या वेळांनी, गुणा: दर आठवड्याला असेल तर ५२, पंधरवड्याला असेल तर २६.

एमपीएस १ साठीचं लॅरोनिडेज घेऊ. डोस किलोमागे ०.५८ मिग्रॅ, दर आठवड्याला. एका व्हायलमध्ये २.९ मिग्रॅ. मूल १५ किलोचं असेल तर ८.७ मिग्रॅ लागतं, म्हणजे बरोबर ३ व्हायल, वर्षाला १५६. तेच मूल १६ किलोचं झालं की लागतं ९.२८ मिग्रॅ. आता ४ व्हायल उघडाव्या लागतात, वर्षाला २०८. एका किलोने वर्षाच्या ५२ व्हायल वाढल्या, आणि दर आठवड्याला २.३२ मिग्रॅ औषध वाया जाऊ लागलं. व्हायलमध्ये जंतुरोधक नसतं, त्यामुळे उरलेलं औषध पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही.

म्हणजे खर्च वजनाबरोबर सरळ रेषेत चढत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो. किती किलोंना एक व्हायल वाढते ते आपल्या औषधापुरतं एकदा काढून ठेवा. लॅरोनिडेज आणि एमपीएस ६ साठीचं गॅल्सल्फेज यांच्यात ही उडी दर ५ किलोंना येते. हंटर म्हणजे एमपीएस २ साठीच्या इड्युरसल्फेजचा डोस किलोमागे ०.५ मिग्रॅ आणि व्हायल ६ मिग्रॅची, त्यामुळे तिथे १२ किलोंना एक व्हायल. एमपीएस ४ए साठीचं इलोसल्फेज (किलोमागे २ मिग्रॅ, व्हायल ५ मिग्रॅ) आणि स्नायू आणि हृदयावर भार टाकणाऱ्या पॉम्पे आजारासाठीचं अल्ग्लुकोसिडेज (किलोमागे २० मिग्रॅ, व्हायल ५० मिग्रॅ) यांत दर अडीच किलोंनाच उडी येते.

पायरी ३: वाया जाणारं औषध वाचवता येतं का, ते विचारा

माझ्या मते कुटुंबाने सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्यावा, आणि नेमकं याच पायरीबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

गोशेचं उदाहरण घ्या. १४ किलोच्या मुलाला इमिग्लुसरेज किलोमागे ६० युनिट द्यायचं ठरलं तर ८४० युनिट होतात. व्हायल ४०० युनिटची. गणिताने ३ व्हायल, वर्षाला ७८. पण तिसऱ्या व्हायलमधले फक्त ४० युनिट वापरले जातात आणि ३६० टाकून द्यावे लागतात. डॉक्टरांनी डोस ८०० युनिटवर आणला तर किलोमागे ५७ युनिट पडतात, आणि वर्षाच्या व्हायल ५२ होतात. डोसात पाच टक्क्यांहून कमी फरक पडला आणि औषधाचा खर्च एक तृतीयांशाने उतरला.

मूल १७ किलोचं असेल तर १,०२० युनिट लागतात. नेहमी २ व्हायल दिल्या तर डोस बराच कमी पडेल, नेहमी ३ दिल्या तर औषध वाया जाईल. अशा वेळी एकदा २, पुढच्या वेळी ३ अशी पाळी लावतात. सरासरी १,००० युनिट पडतात आणि वर्षाला ७८ ऐवजी ६५ व्हायल पुरतात. महिन्याचा एकूण डोस फारसा बदलत नसेल, तर एखाद्या वेळचा डोस थोडा कमीजास्त करून व्हायल पूर्ण वापरण्याची पद्धत गोशेच्या उपचारात जुनी आहे.

हा निर्णय डॉक्टरांचाच. घरी गणित जमलं म्हणून परस्पर डोस कमी करू नका. विशेषतः पॉम्पेच्या तान्ह्या बाळांत हृदय आणि श्वास पणाला लागलेला असतो, तिथे डोस खाली आणण्याचा विचारच करायचा नाही. मात्र “डोस पूर्ण व्हायलमध्ये बसवता येईल का?” हा प्रश्न विचारायला बिलकूल संकोच करू नका.

दुसरा मार्ग व्हायल वाटून घेण्याचा. एकाच आजाराची दोन भावंडं किंवा दोन रुग्ण एकाच दिवशी, एकाच ठिकाणी इन्फ्युजन घेत असतील, तर रुग्णालयाचा औषध विभाग निर्जंतुक व्यवस्थेत उरलेलं औषध दुसऱ्यासाठी वापरू शकतो. सगळ्या रुग्णालयांचे नियम याला परवानगी देत नाहीत. जिथे देतात, तिथे दोघांच्या तारखा जुळवून घेणं हिताचं.

पायरी ४: डोस कसा ठरला ते समजून घ्या

इमिग्लुसरेजचा मान्य डोस एका आकड्याचा नाही. किलोमागे अडीच युनिट आठवड्यातून तीनदा, इथपासून ते ६० युनिट पंधरवड्यातून एकदा, इतका तो पट्टा रुंद आहे. पंधरवड्याच्या हिशेबाने खालचं टोक १५ युनिट होतं. सारखंच वजन असलेल्या दोन रुग्णांच्या खर्चात त्यामुळे चौपट फरक पडू शकतो. वाढत्या वयाच्या, हाडांचा त्रास असलेल्या मुलाला वरचा डोस लागेल. सौम्य आजाराच्या प्रौढाचं कमीतही भागू शकेल. काही वर्षं आजार स्थिर राहिल्यावर डोस उतरवता येतो का, हेही डॉक्टर पडताळून पाहतात. उलट पॉम्पेच्या काही बाळांना नेहमीच्या दुप्पट म्हणजे किलोमागे ४० मिग्रॅपर्यंत डोस द्यावा लागतो, आणि तिथे बजेटही दुप्पट धरावं लागतं.

पायरी ५: पुढच्या वर्षांचं वजन धरा

मुलाच्या आजच्या वजनावर काढलेला खर्च फक्त आजचा असतो. पॉम्पेचं १० किलोचं बाळ दर पंधरवड्याला ४ व्हायल घेतं, वर्षाला १०४. ३० किलोंना १२ व्हायल, वर्षाला ३१२. ६० किलोंना २४, वर्षाला ६२४. किंमत एका पैशाने वाढली नाही तरी खर्च सहापट होतो.

बालरोगतज्ज्ञांकडे वाढीचे तक्ते असतात. त्यांवरून पुढच्या पाच वर्षांची अंदाजे वजनं लिहा, आणि प्रत्येक वर्षासमोर व्हायल. मदतीचा अर्ज करताना हा तक्ता सोबत जोडला की मंजुरी एका वर्षाच्या आकड्यावर अडकून पडत नाही.

पायरी ६: औषधांची तुलना मिलिग्रॅममध्ये करू नका

फॅब्री आजारात अगॅल्सिडेज अल्फा किलोमागे ०.२ मिग्रॅ देतात आणि अगॅल्सिडेज बीटा १ मिग्रॅ, दोन्ही पंधरवड्याला. दोघांचा दर मिलिग्रॅमचा भाव शेजारी ठेवला तर त्यातून काहीच कळत नाही. ६० किलोच्या माणसाला अल्फा १२ मिग्रॅ लागतं. व्हायल ३.५ मिग्रॅची, म्हणून ४ व्हायल. बीटा ६० मिग्रॅ लागतं. त्याच्या व्हायल ३५ आणि ५ मिग्रॅच्या. ३५ ची एक आणि ५ च्या पाच घेतल्या तर बरोबर ६० होतात. ५ मिग्रॅची व्हायल मिळत नसेल तर ३५ च्या दोन उघडाव्या लागतात, आणि वर्षभरात २६० मिग्रॅ औषध वाया जातं. तुलना करायचीच तर ‘या वजनाच्या रुग्णाला वर्षाला एकूण किती’ अशी करा.

याच वेळी एन्झाइमशिवायचे पर्यायही विचारा. फॅब्रीत काही ठरावीक जनुकीय बदल असलेल्यांना मायगॅलास्टॅट ही दिवसाआड घ्यायची कॅप्सूल चालते. गोशे प्रकार १ च्या प्रौढांना इलिग्लुस्टॅट देता येतं. ते शरीरात किती वेगाने विघटित होतं हे पाहण्यासाठी आधी एक जनुकीय तपासणी लागते. ही औषधंही महागच आहेत, पण त्यांत इन्फ्युजनचा खर्च नसतो. हर्लर, म्हणजे एमपीएस १ चा तीव्र प्रकार, असलेल्या लहान बाळात अस्थिमज्जा किंवा मूळपेशी प्रत्यारोपणाचा विचार ताबडतोब व्हावा लागतो, शक्यतो दोन-अडीच वर्षांच्या आत. त्यात जिवाला धोका आहे. पण मेंदूचं नुकसान रोखण्याची ताकद त्यात आहे आणि शिरेतून दिलेल्या एन्झाइममध्ये ती नाही. पैशांची जुळवाजुळव करता करता हे वय निघून जाऊ देऊ नका.

पायरी ७: आता किंमत विचारा

औषधाचं दरपत्रक लेखी मागा. त्यात कर धरला आहे का? आयात शुल्क? वाहतूक आणि २ ते ८ अंश सेल्सियसची साठवण? परदेशी चलनात दर असेल तर कोणत्या दिवसाचा विनिमय दर, आणि तो किती दिवस कायम राहील? येणाऱ्या व्हायलची मुदत कधी संपते? काही व्हायलवर काही मोफत अशी योजना आहे का? ती योजना कायमची की पहिल्या वर्षापुरती, हेही लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी हिशेब कोलमडतो.

पायरी ८: औषधाभोवतीचा खर्च

व्हेलाग्लुसरेजचं इन्फ्युजन तासाभरात होतं. लॅरोनिडेजला ३ ते ४ तास लागतात, गॅल्सल्फेजला किमान ४, अल्ग्लुकोसिडेजलाही साधारण ४. त्यात औषध तयार करण्याचा आणि नंतर लक्ष ठेवण्याचा वेळ मिळवा. दर आठवड्याचं औषध असेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाचे वर्षातले ५२ दिवस जातात. हा बुडालेला रोजगार आणि प्रवास हिशेबात घालाच. बरीच कुटुंबं औषध मिळूनही इथेच थकतात. काही देशांत पहिले काही महिने सुरळीत गेल्यावर घरी नर्स येऊन इन्फ्युजन देते.

याशिवाय फिल्टर लावलेली नळी, पंप, ॲलर्जी टाळण्यासाठी आधी द्यायची औषधं, शीर सापडत नसेल तर छातीत बसवायचा पोर्ट, त्याची देखभाल. प्रतिक्रिया आली तर दाखल व्हावं लागतं. पॉम्पेच्या ज्या बाळांच्या शरीरात ते एन्झाइम अजिबातच तयार होत नाही, त्यांचं शरीर औषधाविरुद्ध जोरात प्रतिपिंडं तयार करतं. ते टाळायला सुरुवातीलाच प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं द्यावी लागतात, त्यांचा खर्च निराळा. मग इको, एमआरआय, हाडांची घनता, फुफ्फुसांची क्षमता, रक्त-लघवीतले निर्देशक या नियमित तपासण्या. एमपीएसमध्ये ईआरटी चालू असतानाही हर्निया, मनगटातली दबलेली नस, मणका, कान यांच्या शस्त्रक्रिया लागू शकतात.

पायरी ९: या पैशात काय मिळणार आणि काय नाही

हे विचारणं जड जातं, तरी विचारायलाच हवं. इथे सांगितलेली एन्झाइमं शिरेतून दिली तर रक्तातून मेंदूत पोचत नाहीत. गोशे प्रकार १ मध्ये ईआरटीने प्लीहा-यकृत आकसतात, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट सुधारतात. प्रकार ३ मध्ये पोटातले आणि रक्तातले बदल सुधारतात, मेंदूचे नाही. प्रकार २ मध्ये आजाराची वाटचाल त्याने थांबत नाही. हंटरच्या तीव्र प्रकारातही इड्युरसल्फेज चालू असताना मेंदूवरचा परिणाम तसाच पुढे सरकतो. हाडांची आधीच झालेली विकृती मागे फिरत नाही.

म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी उद्दिष्टं लेखी ठरवा: सहा महिन्यांनी काय मोजायचं, वर्षाने काय मोजायचं, किती सुधारणा झाली किंवा आजार किती स्थिर राहिला तर पुढे चालू ठेवायचं. पैसे देणारी यंत्रणा नूतनीकरणाच्या वेळी हेच विचारते, आणि सुरुवातीची मापं नोंदलेली नसतील तर झालेला फायदा दाखवता येत नाही. पहिल्या इन्फ्युजनच्या आधीच सगळ्या तपासण्या करून घ्या.

पायरी १०: पैसे कुठून, आणि किती वर्षं

सरकारी योजना, विमा, नोकरीतली वैद्यकीय सुविधा, औषध कंपन्यांच्या मोफत औषध योजना, औषधचाचण्या, लोकवर्गणी हे नेहमीचे मार्ग. प्रत्येकाला विचारायचा प्रश्न एकच आहे: हे कधी थांबेल? विम्याची वार्षिक किंवा आयुष्यभराची कमाल मर्यादा किती? रुग्णालयात रात्र न काढता घेतलेलं इन्फ्युजन त्यात बसतं का? सरकारी मदत एकरकमी की दरवर्षीची? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, आणि तसं संमतिपत्रात लिहिलं आहे का?

लोकवर्गणीबद्दल मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. ती एक वर्ष काढून देऊ शकते, पण आयुष्यभराचा उपचार तिच्यावर पेलत नाही. ती जमवायची तर मोठा अर्ज मंजूर होईपर्यंतचा काळ भागवण्यासाठी जमवा, आणि पहिल्या दिवसापासून तो अर्ज पुढे सरकवत राहा.

उपचारात खंड पडला की शरीरातला नको असलेल्या पदार्थाचा साठा पुन्हा वाढतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ऑलस्टन इथल्या कारखान्यात विषाणू शिरल्याने उत्पादन थांबलं आणि गोशे-फॅब्रीच्या औषधांची जगभर टंचाई झाली. कित्येक रुग्णांना महिनोन् महिने कमी डोसावर राहावं लागलं, काहींना औषध बदलावं लागलं. पैसे असूनही औषध न मिळण्याची अशी वेळ आली तर कोणतं औषध चालेल हे डॉक्टरांकडून फाइलमध्ये आधीच लिहून घ्या. मंजुरी संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या आणि तीच तारीख दिनदर्शिकेत नोंदवा.

अर्जाच्या सगळ्यात वर एकच पान ठेवा: निदान आणि प्रकार, औषधाचं मूळ नाव, आजचं वजन, एका वेळच्या व्हायल, वर्षाच्या व्हायल, पाच वर्षांचा तक्ता, दर व्हायलचा लेखी दर आणि त्याची तारीख, इन्फ्युजन-तपासण्यांचा वेगळा खर्च, आणि सहा महिन्यांनी काय मोजणार त्याची यादी. खाली उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि शिक्का. दर तीन महिन्यांनी वजन पाहा आणि ते बदललं की हे पान नव्याने भरा.